ध्वनीची खुली लिपि

लिहिलेला मजकूर कोणाच्याहि मालकीचा असो, ज्या अक्षरांनीं तो लिहिला जातो तीं अक्षरें कोणाच्याच मालकीचीं नसतात. ग्रंथाचा हक्क लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडे असतो. परंतु 'क' आणि 'ख' काढण्याबद्दल कोणी कोणाला कर देत नाहीं, किंवा पुस्तक उघडतांना वाचकाला अक्षरांच्या धन्याची परवानगी घ्यावी लागत नाहीं. ही गोष्ट इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, तिचा विचारहि सहसा मनांत येत नाहीं. ध्वनीच्या बाबतींत मात्र तसें घडलें नाहीं. माणसाचा आवाज यंत्रांत सांठवितां येऊं लागल्यापासून, तो ज्या लिपींत सांठवावयाचा ती लिपि कोणाची, हा प्रश्न वारंवार उभा राहिला. आणि खिशांत मावणाऱ्या यंत्रांच्या युगांत तर तो न्यायालयापर्यंत जाऊन पोंचला. त्या प्रश्नाचा गेल्या तीस वर्षांतील इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या वादाचीं बीजें ग्रामोफोनच्या काळींहि दिसतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समधील पाथे कंपनीच्या तबकड्यांवर ध्वनीची रेषा खोलीच्या चढउतारानें कोरलेली असे. इतर बहुतेक कंपन्यांच्या तबकड्यांवर ती डावीउजवीकडे नागमोडी जात असे. परिणाम असा होई कीं, पाथेची तबकडी सामान्य ग्रामोफोनवर नीट वाजत नसे. पुढें नागमोडी रेषेची पद्धति सर्वमान्य झाली आणि कोणाचीहि तबकडी कोणाच्याहि घरीं वाजूं लागली. यंत्र एकाचें, तबकडी दुसऱ्याची, आणि रेषा मात्र सर्वांची, अशी ती व्यवस्था होती.

संगणकाच्या आगमनानें ही व्यवस्था पुन्हा विसकटली. संगणकांत ध्वनि आंकड्यांच्या रूपानें सांठवितात. कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदाला ४४,१०० वेळां ध्वनीचें मोजमाप नोंदलेलें असतें, आणि दोन कर्ण्यांचा हिशेब धरला तर सेकंदाला चौदा लाखांहून अधिक द्विमान अंक लागतात. एवढा पसारा लहान यंत्रांत सांठविणें किंवा टेलिफोनच्या तारेवरून पाठविणें हें त्या काळीं अशक्यप्राय होतें. तेव्हां शास्त्रज्ञांनीं मनुष्याच्या कानाचा अभ्यास केला. मोठा आवाज चालूं असतां त्याच्या जवळपासचा बारीक आवाज कानाला ऐकूं येत नाहीं. मग जें ऐकूंच येत नाहीं तें सांठवावें कशाला? या तत्त्वावर जर्मनींतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनीं जी पद्धति सिद्ध करण्यांत मोठा वाटा उचलला, ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९९३ सालीं प्रसिद्ध झाली. १४ जुलै १९९५ रोजीं तिच्या फाइलींना 'एमपी३' हें नांव ठरलें. मूळ पसाऱ्याच्या अकराव्या हिश्श्यांत गाणें बसूं लागलें, आणि ऐकणाऱ्याला त्यांत फारशी उणीव भासेना.

१९९८ सालीं 'रिओ पीएमपी३००' हें खिशांतील यंत्र बाजारांत आलें. त्यांत सुमारें अर्ध्या तासाचें संगीत मावे. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत फ्राउनहोफर संस्थेनें एमपी३ फाइली तयार करणारीं सॉफ्टवेअरें लिहिणाऱ्यांना पत्रें पाठविलीं. या पद्धतीवर आपलीं पेटंटें आहेत, सबब तिचा उपयोग करावयाचा असेल तर परवाना घेऊन शुल्क भरावें, असा त्यांचा आशय होता. जी पद्धति 'मानक' म्हणून जाहीर झाली होती तिला अनेकजण सर्वांची समजत होते. ती प्रसिद्ध असली तरी मुक्त नव्हती, हें त्या दिवशीं उघड झालें. वर्षानुवर्षें परिश्रम करून शोध लावणाऱ्यांनीं त्याचा मोबदला मागावा यांत अन्याय कांहींच नव्हता, हेंहि न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे. परंतु जे आपलें काम लोकांना फुकट वांटीत होते, त्यांनीं प्रत्येक प्रतीमागें शुल्क आणावें कोठून, हा प्रश्न उरलाच.

त्या प्रश्नाला अमेरिकेंतील ख्रिस्तोफर मॉन्टगोमेरी या प्रोग्रॅमरानें कृतीनें उत्तर दिलें. ध्वनि आटोपशीर करण्याचे त्याचे प्रयोग १९९३ पासून चालूं होते. १९९८ च्या पत्रांनंतर त्यानें निश्चय केला कीं, कोणाच्याहि पेटंटाच्या वाटेला न जातां एक नवीन पद्धति घडवावयाची आणि ती जगाला देऊन टाकावयाची. तिचें नांव 'व्हॉर्बिस'. आणि ती ज्या वेष्टनांत बांधावयाची त्याचें नांव 'ऑग'. टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी लेखकाच्या कादंबरींतील एका पात्रावरून पहिलें नांव घेतलेलें आहे. मे २००० मध्यें तिची घडण कायम करण्यांत आली आणि जुलै २००२ मध्यें तिची पहिली परिपूर्ण आवृत्ति प्रसिद्ध झाली. तिचें वर्णन कोणालाहि वाचावयास, वापरावयास आणि त्यावरून स्वतःचें यंत्र बनवावयास पूर्णपणें मोकळें होतें. झिफ या ना-नफा संस्थेनें तिचा सांभाळ केला.

येथें एक तडजोड लक्षांत घेण्यासारखी आहे. खुल्या सॉफ्टवेअरच्या चळवळींत असा एक दंडक आहे कीं, जो फुकट घेईल त्यानें त्यांत केलेली सुधारणाहि इतरांस खुली करावी. व्हॉर्बिसचीं मूळ सॉफ्टवेअरें प्रथम अशाच एका शर्तीखालीं होतीं. पण लहान यंत्रें बनविणाऱ्या कंपन्या अशा शर्तींना बिचकतात. म्हणून २००१ सालीं ती शर्त काढून टाकण्यांत आली, आणि या चळवळीचे अध्वर्यु रिचर्ड स्टॉलमन यांनींहि त्यास संमति दिली. पद्धतीचा प्रसार झाला तरच तिच्या खुलेपणाला अर्थ, हा विचार त्यामागें होता. तत्त्वाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसानें साध्याकडे पाहून साधन सैल केल्याचें हें उदाहरण आहे.

तथापि कागदावरील मुक्तता वेगळी आणि हातांतील यंत्रावरील मुक्तता वेगळी. व्हॉर्बिसची घडण टेबलावरच्या संगणकासाठीं केलेली होती. तिचें गणित अपूर्णांकांत चाले. आणि त्या काळच्या खिशांतील यंत्रांच्या लहान प्रोसेसरांना बहुधा पूर्णांकांचेंच गणित सुलभ जात असे. शिवाय प्रत्येक फाइलीच्या आरंभीं तिचे संकेत उलगडण्याचे तक्ते दिलेले असत, आणि ते सांठविण्यास स्मरणाची जागा अधिक लागे. जागा अधिक म्हणजे किंमत अधिक, आणि गणित अधिक म्हणजे बॅटरी लवकर संपणार. सप्टेंबर २००२ मध्यें 'ट्रेमर' या नांवाचें केवळ पूर्णांकांवर चालणारें सॉफ्टवेअर मुक्तपणें देण्यांत आलें, तेव्हां पहिली अडचण दूर झाली. पुढच्याच वर्षीं आलेल्या 'रिओ कर्मा' या यंत्रावर व्हॉर्बिस वाजूं लागली. त्याच यंत्रावर 'फ्लॅक' हीहि खुली पद्धति चाले. जॉश कोलसन यानें २००१ सालीं पूर्णत्वास नेलेल्या या पद्धतींत ध्वनीचा एकहि कण टाकून दिला जात नाहीं. कोरियांतील आयरिव्हर आणि कोवॉन या कंपन्यांनींहि व्हॉर्बिसला आपल्या यंत्रांत स्थान दिलें.

परंतु ज्या यंत्रानें सारी बाजारपेठ व्यापिली, त्या ॲपलच्या आयपॉडनें व्हॉर्बिसला दार उघडलें नाहीं. २००१ सालीं आलेल्या त्या यंत्रावर खुल्या पद्धतीचें गाणें मुकेंच राही. तेव्हां कांहीं हौशी प्रोग्रॅमरांनीं यंत्राचें अंतरंगच बदलण्याचा उद्योग केला. स्वीडनमधील तरुणांनीं २००१ च्या अखेरीस दुसऱ्या एका यंत्रासाठीं 'रॉकबॉक्स' हें काम आरंभिलें होतें. पुढें तें आयपॉडपर्यंत पोंचलें आणि त्यावरहि व्हॉर्बिस वाजूं लागली. पण आपल्या यंत्राचें अंतरंग बदलण्याचें धाडस हजारांत एखादाच करतो. सामान्य माणूस यंत्र जसें मिळेल तसें वापरतो.

खुल्या पद्धतीला खरा विरोध झाला तो २००७ सालीं. इंटरनेटवरील पृष्ठांतून ध्वनि व चित्रपट परभारें ऐकतां-पाहतां यावेत म्हणून नव्या नियमांचा मसुदा तयार होत होता, आणि त्यांत ऑगच्या पद्धतींचा आधार असावा अशी शिफारस होती. नोकिया आणि ॲपल या मोबाईलच्या दोन मोठ्या कंपन्यांनीं तिला हरकत घेतली, आणि डिसेंबर २००७ मध्यें ती शिफारस मसुद्यांतून काढण्यांत आली. हरकत घेणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, या पद्धतीवर कोणाचें पेटंट नाहीं हें आज दिसत असलें तरी उद्यां कोणी पाण्याखालून वर येऊन दावा करणार नाहीं याची हमी कोणाची? ही भीति अगदींच पोकळ नव्हती. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत सॅन डिएगो येथील ज्यूरीनें मायक्रोसॉफ्टनें अल्काटेल-ल्युसेंट कंपनीस दीड अब्ज डॉलरांहून अधिक भरपाई द्यावी असा निर्णय दिला होता; आणि तो एमपी३ विषयींच्याच पेटंटांबद्दल होता. मायक्रोसॉफ्टनें फ्राउनहोफरचा परवाना रीतसर घेतलेला होता, तरीहि ही आपत्ति आली. ऑगस्टांत न्यायाधीशानें तो निर्णय रद्द ठरविला ही गोष्ट वेगळी. पण या खटल्यांतून जो धडा निघतो तो हरकतदारांना सोयीचा नव्हता. शुल्क भरल्यानें निर्भयता विकत मिळतेच असें नाहीं. धोका दोन्ही वाटांवर होता, आणि त्यांतील एकच वाट फुकट होती.

समारंभपूर्वक जें मिळालें नाहीं तें पुढें गाजावाजा न होतां मिळालें. २००८ सालीं गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीचा पहिला मोबाईल आला, आणि तिच्यांत आरंभापासूनच व्हॉर्बिसची सोय होती. इतकेंच नव्हे, तर त्या मोबाईलची घंटाहि ऑगच्याच फाइलींत सांठविलेली असे. ज्या मनुष्यानें व्हॉर्बिसचें नांवहि ऐकलेलें नव्हतें, त्याच्या खिशांत ती दिवसांतून दहा वेळां वाजूं लागली. नवी प्रणाली फुकट वांटावयाची असल्यामुळें शुल्क न मागणारी पद्धति तिला सोयीची होती. धोरणाच्या मसुद्यानें जें साधलें नाहीं तें हिशेबाच्या वहीनें साधलें.

यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. संगीताची पद्धति वेगळी आणि संभाषणाची वेगळी, अशी तोंवर वाटणी होती. इंटरनेटचीं मानकें ठरविणाऱ्या संस्थेनें २०१० सालीं एक मंडळ नेमलें, आणि सप्टेंबर २०१२ मध्यें त्याच्या परिश्रमांतून 'ओपस' ही पद्धति जाहीर झाली. जाँ-मार्क व्हालँ, कुन व्हॉस आणि टिमोथी टेरिबेरी हे तिच्या मानकाचे लेखक. झिफच्या मंडळींची एक पद्धति आणि स्काइप कंपनीची दुसरी, यांचा तींत संगम झालेला आहे. सेकंदाला सहा हजार अंकांत साधें बोलणें, आणि पांच लाख दहा हजारांपर्यंत उत्तम संगीत, असा तिचा पल्ला आहे. आणि एरवींच्या वापरांत तिला लागणारा विलंब केवळ साडेसव्वीस सहस्रांश सेकंद असल्यानें समोरासमोर बोलल्याप्रमाणें संभाषण चालतें. झिफ, ब्रॉडकॉम आणि मायक्रोसॉफ्ट यांचीं तींत जीं पेटंटें होतीं, तीं त्यांनीं शुल्काविना सर्वांना वापरूं दिलीं. म्हणजे ज्या शस्त्रानें दार बंद होत असे, त्याच शस्त्राची या वेळीं कडी झाली व दार उघडें राहिलें. २०१४ मध्यें अँड्रॉइडनें ओपसचा स्वीकार केला, आणि २०१६ मध्यें ब्राउझरांतून चालणाऱ्या संभाषणाच्या नियमांत ती अनिवार्य ठरली.

आज व्हॉट्सॲपवर जो ध्वनिसंदेश धाडला जातो तो ऑगच्या वेष्टनांतील ओपसच असतो. ज्या आजीला लिहितां येत नाहीं ती रत्नागिरीहून दुबईच्या नातवाला आपल्या बोलींत निरोप पाठविते, आणि त्या निरोपाच्या लिपीबद्दल कोणाला कांहीं द्यावें लागत नाहीं. नातवाच्या हातीं कोणत्या कंपनीचा मोबाईल आहे हेंहि तिला विचारावें लागत नाहीं.

एमपी३ च्या कहाणीचाहि शेवट झाला. मुदती संपल्यावर २३ एप्रिल २०१७ रोजीं तिचा परवान्याचा व्यवहार बंद झाला आणि तीहि सर्वांची झाली. त्याच वर्षीं ॲपलनें आयफोनवर फ्लॅकची सोय केली. आणि २०२५ सालीं तिच्या सफारी ब्राउझरनें ऑगच्या वेष्टनांतील व्हॉर्बिस व ओपस या दोहोंचाहि स्वीकार केला. विरोध मावळला तो वादांत कोणी हरलें म्हणून नव्हे, तर विरोधाचें प्रयोजनच उरलें नाहीं म्हणून.

या इतिहासाचें मोल केवळ व्यापारी नाहीं. महाराष्ट्रांत मोडी लिपींतील असंख्य कागद दफ्तरांत पडून आहेत, आणि ते वाचणारे थोडे आहेत. तरीहि ते वाचतां येतात, कारण मोडीची ओळख करून घेण्यास कोणाची मनाई नाहीं. परिश्रम केले कीं ती साध्य होते. आज लोकांचीं गाणीं, ओव्या, मुलाखती, आईबापांचे आवाज हे सारे मोबाईलमध्यें सांठत आहेत. तीं यंत्रें दहा वर्षेंहि टिकणार नाहींत, आणि तीं बनविणाऱ्या कंपन्याहि चिरंजीव नाहींत. १९९८ चें तें यंत्र बनविणारी मूळ कंपनी आज उरलेली नाहीं. परंतु ज्या आवाजाची लिपि उघडपणें लिहून ठेवलेली आहे, तो आवाज पुढील पिढींतील एखादा परिश्रमी माणूस पुन्हा जागा करूं शकेल. म्हणून आवाज सांठवितांना तो कोणत्या लिपींत सांठत आहे एवढें पाहून ठेवणें, हें प्रत्येक घराचें आणि प्रत्येक संग्रहालयाचें कर्तव्य ठरतें.