चांदवडचा खडक, मोट आणि बोअरची गाडी

नाशिक जिल्ह्यातील चांदवड परिसरात पाणी मिळवण्याच्या धंद्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी झिजलेले भाग बदलण्याचा इतिहास आहे. गावालगतची डोंगररांग पाणलोटाची सीमा आहे. तिच्या उत्तरेचे पाणी गिरणेकडे उतरते, दक्षिणेचे गोदावरीकडे. नाले उगमाजवळचे, त्यामुळे पावसाळ्यापुरतेच वाहतात. पाणी शोधायचे ते बेसॉल्टच्या थरांत. ते साठते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. त्याखालच्या घट्ट काळ्या पाषाणात ते फारसे मुरत नाही. होळकरांच्या रंगमहालाच्या आवारातील बारव याच उथळ पाण्यासाठी खोदलेली.

शेतातल्या विहिरीवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोट चालत असे. कातडी मोटेला जाड नाडा आणि तिच्या सोंडेला बारीक सोंदूर बांधलेला असे. बैल धावेवरून उतरू लागले की दोन्ही दोर ओढले जात आणि मोट वर येताच सोंड थारोळ्यात मोकळी होई. कातडे शिवणीवर उसवे, कणा झिजे, नाडा तुटे. पण चांभार, सुतार, लोहार गावातच होते आणि त्यांची मजुरी सुगीत बलुत्याच्या धान्याने चुकती होई. दुरुस्तीसाठी शिवार सोडावे लागत नसे, हे त्या व्यवस्थेचे खरे बळ होते.

पुढे ऑइल इंजिने आली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 मध्ये स्थापन झाली. त्यानंतर विजेचे पंप आले आणि पिस्टन रिंग बदलण्यासाठी किंवा जळालेली मोटर भरण्यासाठी तालुक्याच्या मिस्त्रीकडे जाणे सुरू झाले.

खोल बोअरचे तंत्र दुष्काळाने आणले. 1967 च्या दुष्काळात युनिसेफने हवेच्या दाबाच्या हातोड्याने कठीण खडक फोडणारी यंत्रे भारतात आणली. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअरचा प्रसार वाढला. त्या काळी बिडाचे हातपंप फार लवकर मोडत. जालना आणि सोलापूर येथे घडवलेल्या मजबूत पंपांच्या अनुभवातूनच पुढे ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप तयार झाला. महाराष्ट्राच्या या कामाची नोंद व्हावी तेवढी झालेली नाही.

आजची बोअरची गाडी दोन शक्तींवर चालते. कॉम्प्रेसरची हवा खाली हातोडा हाणते आणि दगडाचा भुगा वर फेकते. वरच्या डोक्यातली हायड्रॉलिक मोटर तेलाच्या दाबाने रॉड सावकाश फिरवत राहते. हाच भुगा मोटरीचा शत्रू. तो तेलात शिरला की आतले पृष्ठभाग घासले जातात, फट वाढते आणि तेल काम न करताच निसटते. सकाळी मोटर ठीक फिरते, पण दुपारी तेल तापून पातळ झाले की रॉड अडखळतात. अशा वेळी मोटरीच्या निचऱ्याच्या नळीतून मिनिटाला किती तेल येते ते बादलीत मोजले की झीज कळते.

मोटर बदलताना आधी इंजिन बंद करून दाब सोडायचा, होजवर खुणा करायच्या, त्या काढून तोंडे लगेच बंद करायची आणि मगच बोल्ट काढायचे. शाफ्टचे दाते तपासून नवी मोटर बसवतात. तिच्या पोटात आधी स्वच्छ तेल भरावे लागते, नाहीतर पहिल्या काही क्षणांतच ती कोरडी घासते. फिल्टर आणि तेल न बदलता नवी मोटर बसवणे म्हणजे तिलाही जुनीच्या वाटेने पाठवणे. होज उलटसुलट जोडल्या गेल्या तर रॉड उलटे फिरतात, आटे सुटतात आणि हातोडा बोअरमध्येच राहतो.

देशभर फिरणाऱ्या अनेक गाड्या तमिळनाडूतील तिरुचेंगोडच्या आहेत. त्यांचे कसबी कारागीर आणि सुटे भागही बरेचसे तिकडचेच. बलुत्याच्या गावगाड्यापासून दुरुस्ती इतकी दूर गेली. बोअरची खोली मात्र कायद्याच्या चौकटीत आली. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 नुसार अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी 60 मीटर किंवा त्याहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे.