तुमची पाळी येत नाही

इ.स.पूर्व 288. तांबडं फुटायच्या आत तुम्ही रोमच्या वेशीबाहेर, टायबर नदीकाठच्या मार्सच्या मैदानात येऊन उभे राहिलात. शेत सावकाराच्या घशात गेलंय, तरी तुम्ही रोमचे नागरिक आहात आणि आज कॉन्सल, म्हणजे रोमचे दोन सर्वोच्च अधिकारी, निवडायचे आहेत. उजाडतं तसं नदीपलीकडच्या यानिक्युलम टेकडीवरचं लाल निशाण दिसू लागतं. शत्रू येताना दिसला की ते उतरवायचं, आणि ते उतरलं की सभा बरखास्त. ही सभा मुळात फौजेची. म्हणून तर ती शहराबाहेर भरते.

मतासाठी गटागटानं पुकारा सुरू होतो. आधी घोडेस्वारांचे 18 गट, मग सर्वांत धनवान वर्गाचे 80. गटात माणसं कितीही असोत, गटाचं मत एकच. तुमच्यासारखे ज्यांच्या नावावर काहीच नाही, ते सगळे मिळून एकाच गटात कोंबलेले. त्याचा नंबर सर्वांत शेवटी.

पुढे एकेक जण मत नोंदवणाऱ्यासमोर जाऊन उमेदवाराचं नाव तोंडानं सांगतोय. आडपडदा नाही. आजूबाजूला ऐकणारे कान कोणाचे, हे ज्याला कर्ज फेडायचंय त्याला बरोबर कळतं. गुप्त मतदानाचा कायदा यायला इ.स.पूर्व 139 उजाडावं लागेल.

ऊन चढतं. पाय दुखायला लागतात. एकूण गट 193, म्हणजे बहुमत 97 चं. घोडेस्वार आणि पहिला वर्ग मिळून 98. त्यांचं एकमत झालं की दुसऱ्या वर्गालाही कोणी विचारत नाही, मग तुमची काय कथा! आज तसंच होतं. नावं जाहीर होतात, गर्दी पांगते.

निवडून आलेल्या दोघांतला एक प्लेबियन आहे, म्हणजे जुन्या सरदार कुळातला नाही, जन्मानं तुमच्यातलाच. त्यावर फार हुरळू नका. बड्या प्लेबियन घराण्यांनी कॉन्सलपद केव्हाच मिळवलंय आणि त्यांच्या तिजोऱ्याही भरलेल्या आहेत. सरदार आणि प्लेबियन यांच्यातलं कुळाचं भांडण मिटत आलंय; कर्जाचं नाही.

वर्षभरात कर्जानं पिचलेले लोक त्याच यानिक्युलमवर जाऊन धरणं धरतील. त्यांची समजूत घालायला क्विंटस हॉर्टेन्सियसला डिक्टेटर, म्हणजे संकटापुरता सर्वाधिकारी, नेमावं लागेल. प्लेबियनांची स्वतःची वेगळी सभा आहे; तिच्यात मोजणी मालमत्तेनुसार होत नाही. तिचे ठराव सगळ्या रोमवर बंधनकारक, असा कायदा तो करेल. कॉन्सलांची निवड मात्र याच मैदानात, पैशाच्या उतरंडीनंच होत राहील.