लापिकच्या समीकरणाचा वंश

१९०७ साली पॅरिसमध्ये लुई लापिक बेडकाच्या पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला विजेचे छोटे झटके देत होते. किती प्रवाह किती वेळ दिला म्हणजे स्नायू आखडतो, एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर मांडताना त्यांनी तंतूचं आवरण म्हणजे एक कपॅसिटर आणि एक रोधक असं धरलं. भार साठतो, थोडाथोडा गळतो आणि ठरावीक पातळी गाठली की तंतू चेततो. चेततो तेव्हा आत नेमकं काय घडतं, हे त्या गणितात नव्हतं. चेतापेशींच्या जाळ्यांची जी मॉडेलं आज संगणकावर चालतात, त्यांतली कितीतरी याच समीकरणाची वंशज आहेत.

लापिकनी वगळलेलं ते ‘आत काय घडतं’ शोधलं ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी, स्क्विडच्या जाडजूड मज्जातंतूवर. सोडियम आधी आत शिरतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं. या येण्याजाण्याची चार समीकरणं १९५२ साली प्रसिद्ध झाली. ती सोडवायच्या वेळी केंब्रिजचा संगणक नेमका बंद होता. हक्सलेंनी हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर आकडेमोड केली, त्यात काही आठवडे गेले आणि कागदावर उमटलेली लाट प्रत्यक्ष तंतूतल्या लाटेशी जुळली. मेंदूविज्ञानात गणिताला घर मिळालं ते माझ्या मते तेव्हा. १९६३ साली दोघांना नोबेल मिळालं.

या वंशाची एक शाखा मुंबईची आहे आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबैद सिद्दीकी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६२ साली तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला. पुढे सीमोर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी विचित्र फळमाश्या अभ्यासल्या. ऊब वाढली की त्या लुळ्या पडत, गारवा आला की पुन्हा उडू लागत. दोघांचा निबंध १९७६चा. त्यांतल्या ‘पॅरा’ नावाच्या माश्यांचा दोष सोडियमच्या वाटेतच आहे, हे नंतर सिद्ध झालं. हॉजकिन-हक्सलेंच्या समीकरणांतली सोडियमची अक्षरखूण अशी एका जनुकाशी येऊन भिडली. कुलाब्यात, टाटा संस्थेत, सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीला वास कसा कळतो, हा प्रश्न लावून धरला.

वासाचाच प्रश्न पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतही आहे. तिथले कॉलिन्स असिसी यांनी २०११ साली मार्क स्टॉप्फर आणि मॅक्सिम बाझेनोव्ह यांच्यासोबत टोळाच्या गंधकेंद्राचं मॉडेल मांडलं. नकाशात बीडला एक रंग दिला की शेजारच्या जालना-परभणीला तो देता येत नाही. एकमेकींना दाबणाऱ्या पेशींनाही त्यांनी तसेच वेगवेगळे रंग दिले. एका रंगाच्या पेशी एकत्र चेततात, दुसऱ्या रंगाच्या त्या वेळी गप्प राहतात. जोडणी माहीत असेल तर लय सांगता येते, हे त्यातून स्पष्ट झालं.

ऑक्टोबर २०२४मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूची जोडणी प्रसिद्ध झाली: १,३९,२५५ चेतापेशी, पाच कोटींहून अधिक जोड. त्याच सुमारास फिलिप शिउ आणि सहकाऱ्यांनी या जाळ्यातल्या पेशींना लापिकचं साधं, गळतीचं समीकरण लावलं. गोड चव ओळखणाऱ्या पेशी संगणकावर चेतवल्या. सोंड बाहेर काढायला लावणाऱ्या पेशीपर्यंत संदेश कोणत्या वाटेने जातो, हे मॉडेलने सांगितलं आणि खऱ्या माश्यांवर ते तपासता आलं. हॉजकिन-हक्सलेंची समीकरणं वापरायची तर प्रत्येक पेशीचे सोडियम-पोटॅशियमचे आकडे हवेत आणि ते कुणाकडेच नाहीत. म्हणून या यशाचं श्रेय मी जोडणीच्या नकाशाला देतो.

उणिवा मोठ्या आहेत. या मॉडेलमध्ये सगळ्या पेशी एकाच गुणधर्माच्या धरल्या आहेत, पेशीच्या आकाराचा विचार नाही. जोडाच्या आत कॅल्शियम कसं हलतं, संदेशवाहक रसायन कधी सुटतं आणि कधी सुटत नाही, हेही त्यात नाही. आयसरमध्येच सुहिता नाडकर्णी यांचं काम नेमकं त्या सूक्ष्म जागेवर चालू आहे. माशीच्या जोडणीची माहिती मात्र सर्वांना खुली आहे. बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडच्या, बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला कलनाची तोंडओळख, थोडं पायथन आणि एक लॅपटॉप एवढ्यावर गंधाच्या दोन-चारशे पेशी वेगळ्या काढून त्यांना लापिकचं समीकरण लावता येईल. मग एकेक जोड तोडत लय कुठे बिघडते, ते तिचं तिला पाहता येईल.