अनाथ ग्राहींसाठी औषधशोध चाचण्या

अनाथ ग्राही म्हणजे ज्याचे जनुक ज्ञात आहे, परंतु ज्याला शरीरातील कोणता रेणू कार्यान्वित करतो हे निश्चित झालेले नाही, असे पेशीतील ग्राही-प्रथिन (रिसेप्टर). ग्राहीला जोडल्या जाणाऱ्या रेणूस लिगंड म्हणतात. अशा ग्राहींवर परिणाम करणारी संयुगे शोधण्यासाठी विशेष चाचण्या विकसित कराव्या लागतात.

पार्श्वभूमी

१९८६ मध्ये बीटा-२ ॲड्रेनर्जिक ग्राहीचे जनुक वेगळे करण्यात आले. दृष्टिपटलातील ऱ्होडॉप्सिनशी त्याचे साम्य आढळल्यामुळे ही प्रथिने एकाच कुळातील असल्याचे दिसून आले. पुढे याच साम्याच्या आधारे अनेक नवे ग्राही सापडले. मानवात या जी-प्रथिन संलग्न कुळाची सुमारे ८०० जनुके असून त्यांपैकी जवळपास निम्मी गंधज्ञानाशी निगडित आहेत. उर्वरितांपैकी सुमारे १०० ग्राही अनाथ मानले जातात.

चाचणीतील अडचण

नेहमीच्या चाचणीत ज्ञात लिगंडचा परिणाम प्रमाण मानून नव्या संयुगाची तुलना केली जाते. अनाथ ग्राहीसाठी असे प्रमाण उपलब्ध नसते. ग्राही पेशीतील कॅल्शियम वाढवतो की चक्रीय एएमपीचे प्रमाण बदलतो, हेही अनेकदा अज्ञात असते. त्यामुळे प्रतिसाद न मिळाल्यास संयुग निष्प्रभ आहे, ग्राही पेशीपटलापर्यंत पोहोचलेला नाही की चुकीचा संकेत मोजला जात आहे, हे ठरवणे कठीण होते.

पद्धती

* जी-अल्फा-१६ सारखी, अनेक ग्राहींशी जुळणारी प्रथिने पेशीत घालून संकेत कॅल्शियमकडे वळवला जातो आणि तो प्रतिदीप्त रंगद्रव्याने मोजला जातो.
* बीटा-अरेस्टिन हे प्रथिन ग्राहीकडे ओढले जाते का, हे पाहिले जाते. यासाठी जी-प्रथिनाचा प्रकार माहीत असावा लागत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रेस्टो-टँगो पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.
* तो ग्राही नसलेल्या त्याच प्रकारच्या पेशींवर संयुग तपासून फसवे प्रतिसाद वगळले जातात.

उदाहरण

१९९८ मध्ये अनाथ ग्राही असलेल्या पेशींवर मेंदूच्या ऊतींचे अर्क तपासताना ओरेक्सिन ही पेप्टाइडे सापडली. जागृतावस्था टिकवण्यातील त्यांची भूमिका पुढे स्पष्ट झाली. ओरेक्सिन ग्राहींना अवरोध करणाऱ्या सुव्होरेक्संट या निद्रानाशावरील औषधास अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

मर्यादा

काही ग्राहींसाठी सुचवलेले लिगंड इतर प्रयोगशाळांतील प्रयोगांत सिद्ध झालेले नाहीत. म्हणून एकाच चाचणीच्या निष्कर्षावर विसंबून ग्राहीला अनाथांच्या यादीतून वगळले जात नाही. स्वतंत्र पडताळणी आवश्यक मानली जाते.