सबवूफर-जुळवणी
सबवूफर-जुळवणी : खर्जाचा आवाज देणारा सबवूफर आणि लहान सॅटेलाइट स्पीकर यांचा आवाज एकजीव करण्याची प्रक्रिया. छोटा सॅटेलाइट सुमारे १०० हर्ट्‌झच्या खाली दुबळा पडतो. ते काम सबवूफरकडे सोपवण्याची सीमा म्हणजे क्रॉसओव्हर. टीएचएक्स मानकात ती ८० हर्ट्‌झ आहे. या कंप्रतेची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर असल्याने आवाजाची दिशा कानाला सहसा उमगत नाही.

खरी कसोटी जागेची. कोपऱ्यात आवाज वाढतो, पण घुमतोही. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर भिंतींशी फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सबवूफर आधी ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवावा, खर्जाचे गाणे लावून जमिनीलगत रांगत फिरावे. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, ती त्याची जागा. हा उपाय विचित्र दिसतो, पण हमखास उपयोगी पडतो. मग फेज ० व १८० अंशांवर फिरवून पाहावी. आवाज भरीव वाटेल ती ठेवावी. पातळी सर्वांत शेवटी लावावी : पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाचा घुमारा खोलीच्या कोपऱ्यातून येत असेल, तर ती चढी आहे.