सुकाणू पाण्यात, शब्द जमिनीवर

दर वर्षी १ जूनला आपल्या किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी थांबते, ती ३१ जुलैपर्यंत. मिरा रोडच्या बाराव्या मजल्यावर ही बातमी पोचते ती पापलेटच्या भावातून. पण त्याच मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत उत्तन, पाली, चौक ही गावे आहेत. तिथे त्या सुमारास उधाणाची भरती साधून बोटी वर घेतल्या जातात आणि ‘शाकारल्या’ जातात. शाकारणे हे मुळात छपराचे काम, पावसाच्या तोंडावर घराला करायचे. दर्यावर्दी माणसाने ते बोटीला लावले, कारण तिलाही तेवढे दोन महिने छप्पर लागते. वरून झाकलेली बोट खालून मात्र उघडी पडते. सुकाणू, पंखा, शाफ्ट, जस्ताचे ठोकळे हा एरवी पाण्याखाली असणारा सगळा ऐवज हाताळता येतो, तपासता येतो. शब्दांच्या शोधकालाही हाच हंगाम सोयीचा.

सुकाणू जमिनीवर फार फिरले आहे. पक्षाचे सुकाणू कुणीतरी हाती घेतो, साहित्य संमेलनाची सुकाणू समिती असते. खरे सुकाणू कुणाच्या हाती नसतेच. हातात असतो तो दांडा किंवा चाक; सुकाणू मागे, पाण्यात. शब्द अरबी: ‘सुक्कान’. ते धरणारा तो सुक्कानी, आणि १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात इंग्रज कप्तानांच्या तोंडी झालेले त्याचे ‘सीकनी’ हे रूपही नोंदलेले आहे. मल्याळममध्ये तोच शब्द ‘चुक्कान’ होऊन बसला. अरबी गलबते जिथे लागली तिथे हा शब्द उतरला, असा नकाशाच काढता येईल.

मग त्याआधी आपल्याकडे काही नव्हते का? होते. संस्कृतात सुकाण्याला ‘कर्ण’ म्हणत. जुन्या नावांना सुकाणू मागच्या टोकाला मधोमध नसे. बाजूला रुंद वल्ह्यासारखे बांधलेले असे, म्हणून त्याला कान म्हटले असावे. तो कान धरणारा कर्णधार. गंमत अशी की, कर्ण समुद्रावरून पार गेला आणि कर्णधार क्रिकेटच्या मैदानावर नाणेफेक करतो आहे.

पंख्याची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. इंग्रज खलाशी बोटीच्या पंख्याला स्क्रू म्हणतो, तर आपल्या किनाऱ्यावरचा माणूस पंखा. वस्तू एकच, मग असे का? १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रजाने पेटंट घेतले ते खरोखरच लांब, पिळाच्या लाकडी मळसूत्राचे. पुढे चाचणीत त्या मळसूत्राचा तुकडा मोडून पडला आणि बोट हळू होण्याऐवजी आणखी जोरात धावली. तिथून ते आखूड होत गेले, त्याची पाती झाली. इंग्रजीने पहिल्या रूपाचे नाव धरून ठेवले. आपल्या मच्छीमारांकडे ती वस्तू पोचली तेव्हा तिला पाती फुटलेली होती. त्यांनी डोळ्यांना दिसले ते नाव दिले. पक्ष, पंख, पंखा अशी घरचीच वंशावळ. माझ्या मते इथे मराठी नाव इंग्रजीपेक्षा अचूक आहे.

पंख्याशेजारी जस्ताचे ठोकळे ठोकलेले दिसतात. खाऱ्या पाण्यात पितळ, पोलाद असे दोन धातू जवळ आले की एक दुसऱ्याला खातो; जस्त मध्ये घातले तर ते आधी झिजते आणि पंखा-शाफ्ट वाचतात. ही युक्ती हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या तांबे मढवलेल्या जहाजांसाठी सुचवली. तांबे वाचले खरे, पण विरघळेनासे झाल्यामुळे त्याचे विषही पाण्यात उतरेना, आणि बुडाला शेवाळ-शिंपल्यांनी घर केले! आज नवे ठोकळे बसवताना बूड खरवडून रंगवावे लागते ते वेगळेच. जस्त हा शब्द मात्र बाहेरून आलेला नाही. राजस्थानात जावरला जस्त गाळण्याच्या जुन्या भट्ट्यांचे अवशेष आहेत, आणि संस्कृत ग्रंथांत ‘जसद’ व ‘यशद’ अशी दोन्ही रूपे सापडतात. मला जसद हेच बोलीतले मूळ वाटते. यशद हे त्याला नंतर नेसवलेले सोवळे.

लाकडी बोट असेल तर फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर राळ-तेल चोपडायचे. हे काम करणारा हिंदी-बंगालीत कालापत्ती. हॉब्सन-जॉब्सनच्या मते तो पोर्तुगीज ‘कालाफाते’वरून आला, आणि पोर्तुगिजांनी तो अरबांकडून उचलला. खाडीपलीकडे वसईत १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, तेव्हा शब्दाला लांबून येण्याची गरज नव्हती. राळेला त्याच कोशात ‘डामर’ आहे, मलय भाषेतल्या ‘दामर’ला जोडलेला. आपले डांबर त्याच गोतावळ्यातले दिसते. म्हणजे भाईंदर-उत्तन रस्त्यावर दर पावसाळ्यात उखडते ती वस्तू नावाने तरी बोटीच्या बुडाची.

फायबरची बोट आली तसा कापूस आणि राळ मागे पडली. बुडाखालच्या शब्दांत शाफ्टभोवतीचे ग्लँड, बुश, पॅकिंग मात्र आले. त्यांची वंशावळ सांगायला पानभर नको; इंजिनाबरोबर खोक्यातून आले, एवढेच.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत गलबतांचे शब्द मुबलक आहेत, पण तो काळ शिडांचा. त्यानंतर किनाऱ्यावर इंजिन आले आणि बोटीच्या बुडाखाली शब्दांचा एक नवा थर साचला. कोशाचे काम करणाऱ्यांनी पुढच्या जूनमध्ये वही घेऊन उत्तनला जावे. १ ऑगस्टला हे सगळे पुन्हा पाण्याखाली जाते.