गहाण पडलेला प्रांत : वऱ्हाड

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? तींतील सोनें सर्वांस दिसतें; परंतु कुऱ्हाडीचा दांडा कोणाच्या हातीं होता, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. ती येथें थोडीशी करण्याचा आमचा विचार आहे.

उत्तरेस सातपुड्याचे गाविलगड-मेळघाटचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरील बालाघाट, आणि या दोहोंच्या मध्यें पूर्णेचें सपाट खोरें, ज्यास पाईनघाट म्हणत, अशी या प्रांताची ठेवण आहे. पूर्वेची शीव वर्धेनें आंखिली आहे, दक्षिणेची पैनगंगेनें. पूर्णाकांठची काळी माती इतकी खोल व कसदार, कीं कापसास तिच्यासारखी भूमि क्वचितच लाभावी. परंतु निसर्गानें एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें अडविलें. याच खोऱ्याच्या मोठ्या भागांत भूगर्भांतील पाणी खारट आहे. या ‘खारपाणपट्ट्यांत’ विहीर खणून मळा फुलवितां येत नाहीं, व पिण्याच्या पाण्याचीहि पंचाईत पडते. म्हणजे सर्वांत सुपीक भुईचा धनी पावसाच्या सर्वस्वीं अधीन! ही गोष्ट ध्यानांत न घेतां वऱ्हाडी शेतकऱ्यास आळशी म्हणणारे विद्वान् आम्ही पाहिले आहेत.

प्राचीन वैभवाची कथा सर्वश्रुत आहे. कौंडिण्यपूर रुक्मिणीचें माहेर. वाशीम तें वाकाटकांचें वत्सगुल्म. १४९० त इमादशाही उभी राहिली, तिचें ठाणें एलिचपूर. १५७४ त ती अहमदनगरानें गिळिली व १५९६ त हा मुलूख मोगलांकडे गेला. १७२४ त साखरखेर्ड्याच्या लढाईनें निजामाचें आसन स्थिर झालें. पण नागपूरकर भोसल्यांचा अंमलहि चालूच राहिला, आणि रयतेस दोन धनी झाले. १८०३ त अडगांवची लढाई, गाविलगडचा पाडाव व देवगांवचा तह हीं सर्व तीन आठवड्यांच्या आंत उरकलीं. वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून सुटून निजामास मिळाला.

खरी कथा येथून पुढें. हैदराबादेच्या नांवें इंग्रजांनीं एक फौज पोसली होती, जिच्यावर हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाचा. पगार थकला, कर्ज वाढलें, आणि १८५३ त डलहौसीनें त्या फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड लावून घेतला. सावकार कुळाची जमीन ज्या रीतीनें घेतो, त्याच रीतीनें एका राज्यानें दुसऱ्या राज्याचा प्रांत घेतला. १८६० च्या तहानें उरलेलें कर्ज माफ झालें, परंतु गहाण सुटलें नाहीं. उलट हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क मात्र बुडाला. सालारजंगानें प्रांत सोडविण्यासाठीं जंग जंग पछाडलें, व्यर्थ. अखेर १९०२ त कर्झननें वार्षिक २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्यानें घेतला, व १९०३ त मध्यप्रांतास जोडला. या सर्व देण्याघेण्यांत वऱ्हाडच्या माणसास कोणीं एका अक्षरानेंहि विचारलें नाहीं.

याच काळांत सोनें पिकलें, हें विशेष. १८६१ त अमेरिकेंत यादवी जुंपली. लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस हवा होता. १८६७ त आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. १८७० त खामगांवचा फांटा खुद्द व्हाइसरॉय मेयोच्या हस्ते उघडला गेला. अकोला, अमरावती, खामगांव येथें गाठींचे डोंगर उभे राहिले. पण १८६५ त अमेरिकेंतील युद्ध थांबतांच भाव कोसळले होते, आणि तेजींत काढलेलें कर्ज मंदींत फेडण्याचा प्रसंग तेव्हांपासून या शेतकऱ्याच्या कपाळीं वारंवार आला. ज्वारीचें रान कापसाखालीं गेल्यावर १८९९-१९०० च्या दुष्काळाचा तडाखा किती बसला असेल, हें सांगावयास नको.

राजकारणांतहि ही गहाणवटीची छाया दिसते. कायद्यानें प्रांत निजामाचाच, म्हणून १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडनें निवडलेल्या सभासदांची सरकारास पुन्हां नेमणूक करावी लागे! आमचा कर वर्धेपलीकडे खर्च होतो, ही तक्रार नागपूरच्या कायदेमंडळांत सतत घुमत राहिली. १९३६ त निजामाच्या वडील पुत्रास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. प्रांत मात्र मिळाला नाहीं. १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, १९५५ त राज्यपुनर्रचना आयोगानें केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारस आणि १९६० चा महाराष्ट्र, या सर्वांच्या मुळाशीं हाच जुना प्रश्न होता: येथील धन येथें राहील काय?

१९७२ त कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. २००२ त बीटी बियाण्यास परवानगी मिळाली. दोन्ही वेळां आशा मोठी होती. त्यानंतरच्या वर्षांत यवतमाळ, अमरावतीकडून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक येऊं लागल्या. बियाणें आलें, भाव वरखालीं झाले. पूर्णाकांठच्या विहिरींतील पाणी मात्र खारटच आहे, आणि मृगाचीं ढगें कधीं दिसतील इकडे अजूनहि सारा पाईनघाट डोळे लावून बसतो.